कळकलेलं ताक आणि खाडीतली कालवं

शिरपूरला समुद्र नाही, पण धातूचं विष आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला शब्दही होता: कळकणं. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं की ते हिरवट पडायचं आणि आजी मुकाट्यानं ओतून द्यायची. मग कल्हईवाला. भात्यानं फुललेले निखारे, नवसागराचा नाकात जाणारा पांढरा धूर, कापसाच्या बोळ्यानं फिरवलेलं कथील. क्षणात पातेलं चांदीसारखं.

शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचं जैन तीर्थ. तिथल्या माणसानं कालवांवर लिहावं, हे काहींना रुचणार नाही. ती खाण्याबद्दल मी लिहीत नाही, एवढं सांगून पुढे जातो.

ठाण्याची खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब. १९६०च्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायनांचे कारखाने उभे राहिले आणि पारा, शिसं, कॅडमियम, तांबं खाडीच्या बारीक गाळाला चिकटत गेलं. खडकाला धरून बसलेली कालवं आणि शिणाणे, चिखलातले शिंपले यांना तिथून उठून जाता येत नाही. तासाला काही लिटर पाणी कल्ल्यांतून गाळायचं, त्यातूनच श्वास आणि त्यातूनच अन्न. कल्हई धातूला बाहेरच थोपवते. कालवाला ती सोय नाही. विष आत येणारच. सामना पेशीत होतो.

तिथलं हत्यार गंधकाचं आहे. १९५७ साली मार्गोशेस आणि व्हॅली या अमेरिकी संशोधकांना घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियम धरून बसलेलं एक प्रथिन सापडलं. पुढे त्याला मेटॅलोथायोनिन म्हणू लागले. सस्तन प्राण्यांतलं हे प्रथिन जेमतेम साठेक अमिनो आम्लांचं, पण त्यांतली २० सिस्टीन, म्हणजे गंधक बाळगणारी. या गंधकाच्या चिमट्यांत जस्ताचे किंवा कॅडमियमचे ७ अणू अडकतात. शिंपल्यांतही याच घराण्यातली प्रथिनं आहेत. आपले रसवैद्य पारा आणि गंधक खलात घोटून काळी कज्जली करत आले. गंधक पाऱ्याला धरतो, हे त्यांना हाताला माहीत होतं.

हे प्रथिन गरजेपुरतंच वाढतं. सस्तन प्राण्यांत ही कळ नीट उलगडली आहे: कॅडमियम आत येतं, आधी बसलेल्या जस्ताला ढकलून त्याची जागा घेतं, मोकळं झालेलं जस्त एका नियंत्रक प्रथिनाला जागं करतं आणि ते जनुकाला आणखी चिमटे बनवायला लावतं. चोरानं दार ढकललं की घंटा वाजावी, तसं.

तरी काही अणू निसटतात. मोकळं तांबं ऑक्सिजनचे उग्र कण तयार करतं. ते पेशीचं आवरण आणि डीएनए पोळतात. त्यांना विझवायला ग्लुटाथायोन, कॅटलेज, सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे पेशीतले रेणू असतात. या बंदोबस्ताला ऊर्जा लागते. ती वाढीतून आणि अंड्यांतून कापली जाते.

मला अडतं ते पुढे. बांधलेला धातू बराचसा बाहेर पडत नाही. लायसोसोम नावाच्या पिशव्यांत किंवा रक्तपेशींत कोंडला जातो. १९८६ साली तैवानच्या किनाऱ्यावर कालवं तांब्यानं चक्क हिरवी झाली होती. आजीचं ताक आठवावं. पण कॅडमियम आणि पारा असा रंग दाखवत नाहीत. कालव जिवंत असतं, धट्टंकट्टं दिसतं, आणि त्याचा साठा खाणाऱ्याच्या पोटात जातो. म्हणूनच १९७५ साली संशोधक एडवर्ड गोल्डबर्ग यांनी शिंपल्यांतला साठा मोजून त्यांनाच किनाऱ्याचे पहारेकरी करावं असं सुचवलं. आपल्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पक्षी दिसले की पाणी बरं, हा हिशेब मला तरी पटत नाही.

त्यापेक्षा एक साधी चाचणी बोलकी आहे. शिंपल्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यात न्यूट्रल रेड हा रंग सोडतात. लायसोसोम तो शोषून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल ठिपके दिसतात. मग घड्याळ लावून बसायचं. निरोगी पेशी रंग बराच वेळ धरून ठेवते. धातूनं गांजलेल्या पेशीत तो लवकर पाझरू लागतो, ठिपक्यांच्या कडा विरतात आणि सगळी पेशी गुलाबी होते. ज्या शिंपल्यातून थेंब घेतला, तो शेजारच्या ताटलीत असतो, घट्ट मिटलेला.