खाटा मोजणारं अनुदान

मार्च सरत आला की अनुदानित वृद्धाश्रमाच्या कार्यालयात कपाटातल्या फायली टेबलावर येतात. हजेरीपट, किराण्याची बिलं, औषधांच्या पावत्या, स्वयंपाकीणबाईंचं आणि रात्रपाळीच्या मावशींचं पगारपत्रक. एवढ्या ढिगातून एक कागद तयार होतो, तो म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, सामान्य वित्तीय नियमांतला नमुना 12-अ. ज्या कामासाठी पैसा मिळाला त्याच कामावर तो खर्च झाला, एवढंच त्या कागदात म्हटलेलं असतं. पण तो वेळेवर गेला नाही तर पुढचा हप्ता अडतो, आणि हप्ता अडला की वाण्याची उधारी वाढते.

या अनुदानाचा मोठा झरा दिल्लीत आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाचा ज्येष्ठांसाठीचा एकात्मिक कार्यक्रम 1992 पासून चालू आहे आणि आता तो अटल वयो अभ्युदय योजनेत सामावला आहे. काम संस्थेने करायचं, पैसा सरकारने द्यायचा, अशी ही वाटणी. कामाची मापंही ठरलेली आहेत. 25 ज्येष्ठांसाठी निवास, 50 वृद्ध स्त्रियांसाठी निवास, अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या किमान 20 जणांसाठी अखंड शुश्रूषेचं घर. शिवाय फिरता दवाखाना आणि फिजिओथेरपी केंद्र.

ही मापं कोरडी वाटली, तरी त्यांच्यामागे शहाणपण आहे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला खाटा मोजता येतात, हजेरीपटावरचं नाव आणि समोर बसलेली आजी यांचा मेळ घालता येतो. सार्वजनिक पैशाला असा हिशेब हवाच. ज्यांना कोणी नाही, अशा किती तरी म्हाताऱ्या माणसांच्या ताटात याच हिशेबामुळे रोज गरम पोळी पडते.

दुसरा झरा कंपन्यांचा. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वृद्धाश्रम, दिवसा सांभाळ करणारी केंद्रं आणि ज्येष्ठांसाठीच्या ‘अशा इतर सुविधा’ यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

मात्र झऱ्यापर्यंत पोचायला चढ आहे. महाराष्ट्रातल्या न्यासाला आधी धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी हवी. मग प्राप्तिकर खात्याकडची नोंदणी आणि देणग्यांना करसवलत मिळवून देणारी मान्यता, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, आणि कंपन्यांचा पैसा घ्यायचा तर एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 या नमुन्यातली नोंद. शहरातली मोठी संस्था यासाठी माणूस ठेवते. तालुक्याच्या गावी हेच काम बहुतेक वेळा एखादे निवृत्त शिक्षक करतात, संध्याकाळी, आश्रमातली औषधं वाटून झाल्यावर.

तरीही या यंत्रणेतली खरी उणीव कागदांची नाही. ती कळते साध्या गुणाकाराने. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं 19 वं कलम सांगतं की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान 150 निराधार ज्येष्ठांना सामावणारा वृद्धाश्रम उभारू शकेल. महाराष्ट्राच्या 36 जिल्ह्यांत तसं झालं तर जागा होतील 5,400. आणि 2011 च्या जनगणनेत राज्यातले साठीपुढचे लोक होते एक कोटीहून अधिक. वृद्धाश्रम दुप्पट केले, दहापट केले, तरी बहुतेक म्हातारपण घरीच सरणार आहे. तिथे रात्री तीनदा उठणारी सून असते, नवऱ्याला उचलून कुशीवर वळवणारी सत्तरीची बायको असते, नोकरी सोडून आईजवळ बसलेली लेक असते. तिच्या नावाची खाट कुठेच नाही, म्हणून अनुदानाच्या तक्त्यात तिला रकानाही नाही. काळजीवाहकांच्या प्रशिक्षणासाठी सरकारी पैसा आहे, पण त्याचा रोख पगारी काम करणाऱ्यांवर आहे.

अमेरिकेने हा रकाना 2000 साली आखला. तिथल्या 1965 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात त्या वर्षी कुटुंबातल्या काळजीवाहकांसाठी स्वतंत्र कार्यक्रम घातला गेला. केंद्राचा पैसा राज्यांकडे, तिथून विभागीय संस्थांकडे आणि पुढे गावातल्या सेवाभावी संस्थांपर्यंत जातो. त्यातून माहिती, समुपदेशन, प्रशिक्षण तर मिळतंच, शिवाय उसंतही मिळते. म्हणजे काही तास दुसरं कोणी रुग्णाजवळ बसतं आणि सांभाळणारी व्यक्ती घराबाहेर पडू शकते.

आपल्याकडे यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. ‘अशा इतर सुविधा’ हे शब्द सातव्या अनुसूचीत आहेतच. वृद्धाश्रमाने आपल्याच दालनात चार खुर्च्या वाढवून गावातल्या आजी-आजोबांना दहा ते पाच सांभाळलं, तर त्याचा हिशेबही तितकाच चोख ठेवता येईल. किती घरं, किती दिवस, किती तास. देणाऱ्यांनी हे आकडे मागावेत आणि संस्थांनी ते प्रस्तावात न संकोचता लिहावेत.

तसं झालं तर मार्चमधल्या त्या टेबलावर आणखी एक वही येईल. तिच्यात आजोबांच्या नावापुढे त्यांना सोडायला आलेल्या सुनेचंही नाव असेल, आणि त्यापुढे तिला मिळालेले तास.