सोयरिकीच्या चौकशीत न येणारं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि मग पांढुर्णा आणि सावरगाव अशा दोन काठांवरून दगड सुटतात. झेंडा हाती येईपर्यंत शेकडो जण रक्तबंबाळ होतात. काही वर्षी माणसं दगावलीही आहेत. या गोटमारीची गोष्ट इकडे पोराटोरांनाही ठाऊक असते. पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवून आणली, नदी ओलांडताना दोघं मधेच सापडली, एका काठावरून पोरीकडच्यांनी दगड मारले, दुसऱ्या काठावरून पोराकडच्यांनी उत्तर दिलं. कुणी हिचं मूळ भोसल्यांच्या सैनिकांच्या सरावात शोधतात, पण लोकांच्या तोंडी राहिली ती पळून जाणाऱ्या जोडप्याचीच गोष्ट. आता हीच गोष्ट जरा जवळून ऐकावी. दोघांना नावं नाहीत. ती आपल्या मनानं निघाली होती की तिला ओढून नेलं, तिची सोयरीक आधी कुठे ठरली होती का, त्याच्यात तिला काय दिसलं, हे कुणी सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही. प्रेमकथा म्हणून दरवर्षी उगाळली जाणारी ही कथा. हिच्यात नदी आहे, गावं आहेत, दगड आहेत, फक्त प्रेमाबद्दल एक वाक्य नाही.

त्या न विचारलेल्या प्रश्नांवरच सध्या एक अख्खा पुस्तकव्यवहार उभा आहे. इंग्रजीत त्याला ‘न्यू अ‍ॅडल्ट’ म्हणतात. २००९ मध्ये सेंट मार्टिन्स प्रेस या अमेरिकी प्रकाशनानं एका स्पर्धेसाठी हा शब्द वापरला आणि तो चिकटला. अठरा ते पंचवीसच्या आसपासची नायक-नायिका, घरातून नुकतंच बाहेर पडलेलं पाऊल, कॉलेज किंवा पहिली नोकरी, आणि दोघांपैकी एकाच्या, बहुधा दोघांच्याही, मागे काहीतरी दडवलेलं: बापाची दारू, आईचं निघून जाणं, लहानपणी झालेला अत्याचार, हातून घडलेला अपघात. कादंबरी अर्ध्यावर येते तेव्हा ते बाहेर पडतं आणि प्रेमाची खरी परीक्षा तिथून सुरू होते. या पुस्तकांवर नाक मुरडणं सोपं आहे आणि त्यांची शेकड्यानं निघालेली नक्कल पाहता ते पुष्कळदा रास्तही आहे. तरी लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा अशा भागातल्या तरुण वाचकाच्या हाती ही कादंबरी येते तेव्हा ती नुसती करमणूक राहत नाही. आपल्या समाजानं माणसाची जी चौकशी कधी केलीच नाही, ती करण्याचा सराव या कादंबरीत होतो, असं माझं म्हणणं आहे.

आपल्याकडे लग्नाआधी चौकशी कमी होते असं कुणी म्हणणार नाही. सोयरीक जुळवताना फिरणारा बायोडाटा डोळ्यांपुढे आणा. वर गणपती, खाली नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, वर्ण, रक्तगट, शिक्षण, नोकरी. मग वडील, काका, मामांची गावं, नातेसंबंधात आडनावांची रांग, शेती किती आणि त्यात ओलीत किती, संत्र्याची बाग असली तर तीही. शेवटी एका ओळीत ‘अपेक्षा’. मध्यस्थ घरी येतो, तोही याच रकान्यांची पडताळणी करतो. सगळी चौकशी घराण्याची. मुलगा रागावला की काय करतो, त्याच्या घरात त्याच्या आईशी कसं बोलतात, मुलीला रात्री दचकून जाग येते ती कशामुळे, याला रकाना नाही. असलंच काही कानावर आलं तर त्याला ‘भानगड’ म्हणतात, आणि भानगड ही समजून घ्यायची गोष्ट नसते; ती झाकायची असते किंवा तिच्यापायी स्थळ मोडायचं असतं. न्यू अ‍ॅडल्ट कादंबरीत मात्र हा क्रम उलटा असतो. तिथे घराण्याची वास्तपुस्त दोन ओळींत आटोपते आणि चारशे पानं त्या भानगडीची होतात.

‘हे सगळं अमेरिकेचं खूळ, आपल्या मातीत हे नव्हतं,’ हा आक्षेप मराठी कादंबरीचा इतिहास विसरल्याशिवाय घेता येत नाही. १८५७ साली आलेल्या बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या दडपलेल्या कहाण्या ऐकते. हेतू धर्मप्रचाराचा होता हे खरं, पण आपली पहिली कादंबरी चालते ती बायकांच्या न सांगितलेल्या भूतकाळावर. १९३४ च्या ‘हिंदोळ्यावर’मध्ये नवऱ्यापासून दूर झालेली नायिका लग्नाबाहेरच्या सहजीवनाचा विचार करते, पुस्तकावर नाव विभावरी शिरूरकर, आणि त्या नावामागच्या मालतीबाई बेडेकर हेही तेव्हा एक गुपितच. पुढे त्यांचे पती विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ १९३९ मध्ये आली. पहिल्या प्रेमात पोळून बायकांबद्दल कडवट झालेला चक्रधर, जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा, एका बोटीवरचे मोजके दिवस. आजच्या प्रकाशकानं हे हस्तलिखित पाहिलं असतं तर त्यानं ते डोळे मिटून न्यू अ‍ॅडल्टच्या कप्प्यात टाकलं असतं, फक्त शेवट बदलून मागितला असता.

आणि विदर्भ यात मागे नव्हता. वाशीमच्या गीता साने १९३६ पासून ‘निखळलेली हिरकणी’सारख्या कादंबऱ्यांतून शिकलेल्या मुलींचा घरातला कोंडमारा लिहीत होत्या. नागपूरच्या कुसुमावती देशपांडे यांनी ‘मराठी कादंबरी: पहिले शतक’ लिहून या सगळ्या वाटचालीचा हिशेब मांडला, १९६१ मध्ये ग्वाल्हेरला त्या साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. कवी अनिल आणि कुसुमावती यांची लग्नाआधीची पत्रं ‘कुसुमानिल’ या नावानं १९७२ मध्ये छापून आली, तेव्हा एका समीक्षकाचं तरुणपणचं मन वाचकांच्या हाती पडलं. १९५६ पर्यंत सौंसर-पांढुर्णा आणि नागपूर एकाच प्रांतात होते. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि सौंसर-पांढुर्णा ज्यात होते तो छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. या वाटणीचा वाचनावर झालेला परिणाम कुणी फारसा बोलत नाही. महाराष्ट्रानं १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागलं. चंद्रकांत काकोडकर, कुमुदिनी रांगणेकर, स्नेहलता दसनूरकर, योगिनी जोगळेकर यांची पुस्तकं पानं सुटेपर्यंत फिरली ती अशा वाचनालयांतून. तो कायदा सावनेरपर्यंत येऊन थांबतो. सौंसरला तो लागू नाही. सीमेच्या या बाजूला घरात मराठी, शाळेत बहुतेक हिंदी, आणि वाचायला हिंदीतले गुलशन नंदा.

मग २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. मराठीसह बारा-पंधरा भाषा चालवणारं ‘प्रतिलिपी’ त्याआधी दोन वर्षं सुरू झालेलं होतं. वाचनालयाचं दार जिथे पोचलं नाही तिथे फोन पोचला, आणि त्यानं आणखी एक काम केलं: पुस्तकाचं मुखपृष्ठच नाहीसं केलं. पूर्वी अशा कादंबरीला वर्तमानपत्राचं कव्हर घालावं लागे. आता अंथरुणात उजेड कमी करून वाचणारी मुलगी अभ्यास करते आहे की कुणाच्या पूर्वायुष्यात शिरली आहे, हे शेजारी झोपलेल्या बहिणीलाही कळत नाही. गुपितांच्या कादंबऱ्या गुपचूप वाचल्या जाव्यात, हा योग मोठा नामी.

‘असलं वाचून पोरं बिघडतात’ या आक्षेपाला उत्तर द्यायला मराठीला थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं होतं, आणि तेही दिवाळी अंकापायी. १९६२ च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. निशिकांत हा कवीमनाचा शिक्षक, त्याच्या आयुष्यात येऊन गेलेल्या नीला आणि वनिता, आणि आता श्यामा. म्हणजे पुन्हा तेच: आजचं प्रेम आणि त्याच्या मागे उभा असलेला काल. अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या न्यायालयानं सोडलं, उच्च न्यायालयानं दोषी धरून पंचवीस रुपये दंड ठोठावला. ऑगस्ट १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. न्यायमूर्तींचं म्हणणं थोडक्यात असं, की समाजाच्या कल्पना झपाट्यानं बदलत आहेत, प्रेम आणि शरीरसंबंध यांचं वर्णन असलेलं कितीतरी साहित्य तरुणांच्या हाती आधीच आहे, आणि कामविषयाचा नुसता उल्लेख अश्लील ठरवायचा तर धार्मिक ग्रंथांशिवाय दुसरं काही विकताच येणार नाही. कथा थोर आहे असं न्यायालयानं म्हटलं नाही, तशी ती नसेलही. गंमत म्हणजे त्याच वर्षाअखेर काकोडकरांच्याच ‘नीलांबरी’वरचा ‘दो रास्ते’ झळकला आणि लोक सहकुटुंब रांगा लावून पाहायला गेले. आपला आक्षेप मजकुराला किती असतो आणि एकट्यानं वाचण्याला किती, याचा विचार करायला हे एवढं उदाहरण मला पुरेसं वाटतं.

खरा जड आक्षेप दुसराच आहे, आणि तो नीतिरक्षकांकडून येत नाही, स्त्रियांचा विचार करणाऱ्यांकडून येतो. नायक जखमी आहे म्हणून तो ओरडतो, पाळत ठेवतो, हात धरून खेचतो. नायिका त्याची जखम जाणून घेते आणि त्याला माफ करते. अ‍ॅना टॉडची ‘आफ्टर’ वॉटपॅडवर भागाभागानं लिहिली गेली आणि २०१४ मध्ये पुस्तक झाली. तिच्यात नायिका अपमान गिळून पुन्हा पुन्हा परतते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. अशा देशात ‘तो मनानं चांगला आहे, त्याचं बालपण वाईट गेलं’ हे वाक्य कादंबरीनं शिकवायची गरजच नाही. ते सासूही सांगते, माहेरही सांगतं. या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, अर्धं आहे. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ च्या त्यांच्या अभ्यासात अमेरिकेतल्या एका गावच्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी बोलून दाखवलं, की या वाचक सगळं निमूट गिळत नाहीत; क्रूर नायकाची पुस्तकं त्या ठरवून टाळतात आणि वाचनाचा तेवढा वेळ घरच्यांकडून हक्कानं काढून घेतात. पण त्याच अभ्यासात हेही आहे, की नायकाचा रुक्षपणा या बायका दुखावल्याचं लक्षण मानून सोडून देतात. म्हणजे धोका आहेच.

मात्र या प्रकारातलं सगळ्यात जास्त चर्चा झालेलं पुस्तक नेमकं याच गाठीवर बोट ठेवतं. कॉलीन हूवरची ‘इट एन्ड्स विथ अस’ २०१६ ची. ती घरोघर गेली पाच वर्षांनी, टिकटॉकवरून, आणि २०२० च्या जूनपासून टिकटॉक बंद असलेल्या आपल्या देशात इन्स्टाग्रामच्या रील्समधून. फुलांचं दुकान चालवणारी लिली एका सर्जनच्या प्रेमात पडते. त्याच्या बालपणात एक भयंकर अपघात आहे. लहानपणी त्याच्या हातून सख्खा भाऊ गेला. वाचकाला त्याची कीव येते, यावी अशीच लेखिकेची मांडणी आहे. तरी तो हात उगारतो, पुन्हा उगारतो, आणि मुलगी झाल्यावर लिली त्याला सोडते. जखम समजून घेतली, मारहाण मान्य केली नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे सांगायला आपल्याकडे घरात कोण बसलेलं असतं? समजून घे म्हणणारे तिला राहायला लावतात, सोड म्हणणारे त्याला राक्षस ठरवतात. कादंबरी चांगली असेल तर ती या दोघांच्या मधे उभी राहते. आणि ‘आफ्टर’ वाचलेली मुलगी नंतर लिलीला वाचते तेव्हा तिच्याजवळ तुलना आलेली असते. एकच पुस्तक वाचणाऱ्याला ती मिळत नाही.

‘मग शेवट गोड कशाला? आयुष्य तसं नसतं,’ हा आक्षेप मला किरकोळ वाटतो. अभंगात विठ्ठल भेटतो म्हणून आपण अभंगाला खोटं म्हणत नाही.

माझी या पुस्तकांविषयीची तक्रार वेगळी आहे. त्यांतली गुपितं सगळी घराच्या आतली आहेत: बाप, व्यसन, मृत्यू, पैसा. आपल्याकडचं सगळ्यात मोठं गुपित आडनावात असतं, आणि ते बायोडाट्याच्या पहिल्या ओळीत उघडं लिहिलेलं असतं. बोस्टनच्या लिलीला सर्जनची जात विचारावी लागत नाही. बोरगावच्या कापड कारखान्यात किंवा नागपूरच्या एखाद्या दुकानात भेटलेल्या दोघांना ती विचारण्याचीही गरज पडत नाही, कारण ती आधीच कळलेली असते. इथल्या मातीतली न्यू अ‍ॅडल्ट कादंबरी मराठीत कुणी नेटानं लिहायला घेतली, तर तिला प्रेमाच्या कबुलीनंतर एक प्रकरण असं लिहावं लागेल जे कुठल्याही अमेरिकी कादंबरीत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं, तर विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. दोघांची नावं, वय, पत्ते असलेला तो कागद कार्यालयात ठळक जागी लावतात आणि तीस दिवस हरकतींची वाट पाहतात. दोघांपैकी कुणाचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथल्या अधिकाऱ्याकडेही प्रत जाते आणि तिथल्याही भिंतीवर लागते. नागपूरला खोली करून राहणाऱ्या लोधीखेड्याच्या पोरीनं नागपुरात दिलेली नोटीस अशी पुन्हा गावाकडे येते. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झाल्यापासून, थेट पांढुर्ण्याला.