पाण्याच्या वाटेने आलेला शेजारी

मुंबईला सीमेवरचं शहर असं कुणी म्हणत नाही. इथे तारेचं कुंपण नाही की चौकी नाही. पण पाकिस्तान आणि आपल्यामध्ये समुद्र आहे, आणि गिरगाव-परळ-दादरच्या माणसाने तो देश बहुतेक वेळा पाण्याच्या वाटेनेच ओळखला.

1847 ते 1936 सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराची हे परक्या मुलखातलं नव्हे, बदलीचं गाव होतं. मराठी कारकून, मास्तर तिकडे जात, संसार मांडत. तिथल्या एका जुन्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या शिक्षणखात्यातल्या मराठी अधिकाऱ्याचं नाव आहे. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नौदल तळावरच्या नौसैनिकांनी ब्रिटिशांविरुद्ध बंड केलं, तेव्हा कराचीत ‘हिंदुस्तान’ या युद्धनौकेने साथ दिली. या नौसैनिकांसाठी 22 तारखेला गिरणी कामगार रस्त्यावर उतरले आणि परळमध्ये लष्कराच्या गोळीबारात कमल दोंदे यांचा जीव गेला. गिरणगावाच्या आठवणींत या दिवसाला त्याच्या तोलाची जागा मिळाली नाही, याचं मला वाईट वाटतं. पुढच्या दीड वर्षात त्याच दोन बंदरांमध्ये सरहद्द आली.

फाळणीने निर्वासित आणले, तरी ये-जा संपली नाही. 1965 च्या युद्धापर्यंत मुंबई-कराची बोट सुरू होती.

पाकिस्तान शत्रू म्हणून चाळीच्या खोलीत शिरला तो डिसेंबर 1971 मध्ये. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले. भोंगा झाला की दिवे बंद, पोरांना दटावून गप्प बसवायचं. 4 डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराची बंदरावर हल्ला केला. 9 तारखेला आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. विजयाचा आनंद आणि हे दुःख मुंबईने एकाच आठवड्यात अनुभवलं.

नंतर मेहदी हसन, गुलाम अली कॅसेटमधून घरोघरी पोचले. शारजात मियाँदादचा षटकार बसला, 1991 मध्ये शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली. गझल आणि राग, दोन्ही एकाच घरात नांदत होते.

12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांनी हे सगळं मागे टाकलं. दादरचं प्लाझा, सेना भवनाशेजारचा पेट्रोल पंप. शहरभरात 257 माणसं गेली. आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी-शेखाडीला उतरलं होतं. प्रशिक्षण पाकिस्तानात झालं, पण बॉम्ब ठेवणारे याच शहरातले होते. ती जखम वेगळी. मग 26 नोव्हेंबर 2008. कराचीहून निघालेले दहा दहशतवादी कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. गिरगाव चौपाटीवर पोलीस तुकाराम ओंबळे यांनी त्यांच्यातल्या कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला.

हा राग रास्त आहे आणि तो माझाही आहे. पण 1994 मध्ये मुंबईतला पाकिस्तानी वाणिज्य दूतावास आणि कराचीतला आपला, दोन्ही बंद झाले. त्यानंतर वाढलेल्या पिढीला कराची फक्त बातमीतून माहीत आहे, आणि ज्यांना ते गाव म्हणून माहीत होतं, ते आता नव्वदीत आहेत. तुमच्या घरात कराचीत जन्मलेली आजी किंवा आजोबा असतील, तर त्यांचं सांगणं आजच लिहून घ्या.