गाजरगवत मिलोबरोबर आलं नाही

गाजरगवताचा विषय निघाला की कोणीतरी ठामपणे सांगतंच, ‘बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेची मिलो ज्वारी आली ना, तिच्यातून आलं हे.’ सांगणारा थोडा वाचणारा असेल तर मिलोच्या जागी पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली आलेला गहू येतो आणि बी मुद्दाम मिसळलं होतं, ही पुस्तीही. मुलांच्या प्रकल्पवह्यांतही हेच उतरतं, आणि मला याचा मनापासून राग येतो. नुसत्या तारखा पाहिल्या तरी पुरे.

पुण्यात हे झाड १९५५ मध्ये दिसलं. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद छापली. पीएल-४८० खाली भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे त्या कराराचा दाणा बोटीत पडण्याआधीच रोप पुण्यात उभं होतं! मिलो तर त्यानंतर सतरा वर्षांनी आली. त्याही मागे, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहात ब्रँडिस यांचा १८८० चा नमुना आहे आणि रॉक्सबर्ग यांच्या कोलकाता उद्यानाच्या १८१४ च्या यादीतही या झाडाचं नाव आहे.

झाड मूळचं अमेरिका खंडातलंच. १९५१ मध्ये कर्जाऊ आलेल्या धान्यातून किंवा आणखी कशातून त्याचं बी आलंही असेल. पण ते इतकं पसरलं ते आपण उघड्या टाकलेल्या जमिनीमुळे. खोदलेले रस्ते, पडीक रानं, अति चराईची माळरानं. गुरं इतर सगळं खातात, याला सहसा तोंड लावत नाहीत. पाऊस लांबला तर पानं जमिनीसरशी पसरून ते तग धरतं, ओल मिळाली की महिनाभरात फुलू शकतं, आणि एकेक झाड हजारो बिया टाकतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. हे गवत नव्हे, सूर्यफुलाच्या कुळातलं झाड आहे. त्रास फक्त परागांनी होत नाही. त्वचेला भोवणारं पार्थेनिन पानांवरच्या लवेतही असतं. १९८४ मध्ये गाजरगवत खाण्यासाठी बेंगळुरूत सोडलेले मेक्सिकन भुंगे सूर्यफुलाचं पीक फस्त करत नाहीत. गाजरगवताचे पराग पडलेली पानं ते कुरतडतात, वाढतात मात्र गाजरगवतावरच. आणि याचं खत होत नाही, हेही चूक. पावसाने जमीन मऊ झाल्यावर, फुलण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटलेल्याचं चांगलं खत होतं. फुलावर आलेलं खड्ड्यात टाकलं तर खताबरोबर बीही शेतात जाऊ शकतं.