समजून घ्या : सुपरहिरो आहेत, पण मारामारी नाही! ‘लार्प’ हा खेळ काय आहे? बोहाड्याच्या मुलखाला तो ओळखीचा का वाटेल?

समजा, एका ठोशात धरणाची भिंत फोडता येईल एवढी ताकद तुमच्यात आहे. भिंत फोडली तर खालची गावे वाहून जातील. नाही फोडली तर पाणी शहराकडेच जात राहील आणि तुमच्या पाड्यावर उद्याही टँकरची वाट पाहावी लागेल. मग तुम्ही काय कराल? बोलणी कराल. समोरच्याला पटवाल, अडवाल, थोडे सोडाल, थोडे मिळवाल. संवादावर चालणारा सुपरहिरोंचा ‘लार्प’ हा खेळ नेमका इथेच सुरू होतो.

लार्प म्हणजे काय?

‘लाइव्ह ॲक्शन रोल-प्लेइंग’ या नावाचे हे लघुरूप. मोबाइल गेममध्ये तुमचे पात्र स्क्रीनवर पळते, इथे ते पात्र तुम्ही स्वतः असता. प्रत्येकाला एक कागद मिळतो. त्यावर पात्राचे नाव, शक्ती, कमजोरी, एक गुपित आणि त्याला काय हवे आहे ते लिहिलेले असते. पुढचे तीन-चार तास त्या पात्रासारखेच बोलायचे आणि वागायचे. संवाद आधी लिहिलेले नसतात. शेवट काय होईल हे आयोजकालाही माहीत नसते. आणि नाटकाहून मोठा फरक म्हणजे इथे प्रेक्षक नसतात. खोलीतला प्रत्येक जण खेळाडू असतो.

हा खेळ आला कुठून?

१९७४ मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ आला. सुपरहिरोंचा ‘चॅम्पियन्स’ १९८१ चा. तोही टेबलावरचाच. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या पेकफोर्टन किल्ल्यात ‘ट्रेझर ट्रॅप’ सुरू झाला आणि लोक फोमच्या तलवारी घेऊन प्रत्यक्ष उतरले. १९९३ मध्ये आलेल्या ‘द मास्करेड’ या खेळात तलवारीही गेल्या. त्यात रक्तपिपासूंचे डावपेच होते आणि वाद मिटला नाही तर निकाल दगड-कागद-कात्रीने लागायचा. सुपरहिरोंचे संवादप्रधान लार्प याच वळणाचे असतात.

सुपरहिरो असूनही मारामारी का नाही?

एक कारण व्यवहाराचे आहे. शाळेच्या वर्गात किंवा समाजमंदिरात कोणी उडू शकत नाही. त्यामुळे शक्ती एका कार्डावर लिहिलेली असते. ‘मी तुझ्या मनातले वाचले’ असे म्हणत कार्ड दाखवले की समोरच्याने नियमाप्रमाणे एक गुपित सांगायचे. म्हणजे तुमची शक्ती चालते, कारण समोरचा ती मान्य करतो.

दुसरे कारण गोष्टीतलेच आहे. १९९७ मध्ये दूरदर्शनवर आलेला ‘शक्तिमान’ आठवा. खलनायकाशी होणाऱ्या लढाईइतकीच गंमत गंगाधरच्या गुपितात होती. खरे कोणाला सांगायचे, कोणापासून लपवायचे, ओळख उघड झाली तर कोण अडचणीत येईल, हे सगळे प्रश्न ठोशाने सुटत नाहीत.

आपल्याकडे असे काही आहे का?

नाव वेगळे, पण पाया जुनाच आहे. ठाणे-पालघरच्या डोंगरपट्ट्यात बोहाडा होतो. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा सर्वांत प्रसिद्ध. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत हे तालुकेही शहापूर-मुरबाडप्रमाणे ठाणे जिल्ह्यातच होते. उन्हाळ्यातल्या रात्री संबळ आणि सनईच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग नाचत पुढे येते. आधी गणपती, सरस्वती, मग रामायण-महाभारतातली आणि पुराणातली पात्रे. शेवटी देवी येते आणि महिषासुराचा वध होतो. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. अनेक गावांत कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे हेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते.

दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री नरसिंह होतो आणि शेजारीपाजारी हात जोडतात. इथेही शक्तीला बळ येते ते समोरच्यांच्या मानण्यातून.

दुसरे उदाहरण बहुरूप्याचे. पोलिसाच्या वेशात दारात येऊन ‘वॉरंट आहे’ म्हणून दरडावणारा बहुरूपी अनेकांनी पाहिला असेल. त्याला मंच नाही, पडदा नाही. तुम्ही उलट उत्तर दिले की तुम्हीही त्या नाट्यातले पात्र होता. लार्पच्या सर्वांत जवळचा कोणी असेल तर तो हाच.

मग फरक काय?

बोहाडा हा खेळ नाही. ती देवीची सेवा आहे, नवसाचा भाग आहे. त्याला ‘गावठी लार्प’ म्हणणे चुकीचे ठरेल. गोष्टीचा शेवटही तिथे ठरलेला असतो. महिषासुर वाटाघाटी करून सुटू शकत नाही.

आणखी एक फरक महत्त्वाचा. बोहाड्यात देवीसह स्त्रीपात्रांची सोंगेही परंपरेने पुरुषच घेत आले. मुली गर्दीत उभ्या राहून बघतात. लार्पमध्ये पात्र घराण्यावरून किंवा स्त्री-पुरुष पाहून ठरत नाही. दहावीतली मुलगी पालकमंत्री होऊ शकते आणि सरपंचाचा मुलगा टँकरचा क्लीनर.

शहापूर-मुरबाडमध्ये हा खेळ कसा रचता येईल?

विषय शोधायला लांब जायला नको. शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबईला जाते. मुंबईच्या पाण्यापैकी जवळपास निम्मे एकट्या भातसातून येते. त्याच तालुक्यातल्या कित्येक गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. मुरबाडमध्ये प्रस्तावित काळू धरणावरून विस्थापन आणि जंगलाचा वाद वर्षानुवर्षे सुरू आहे.

आता एक काल्पनिक धरण आणि १५ खेळाडू घ्या. एकीला जमिनीखालचे पाणी ऐकू येते, पण ते सांगितले तर तिच्या पाड्याची जमीन जाईल. टँकरमालक कोणालाही पाच मिनिटांचे विसरायला लावू शकतो. शहराचा लाडका सुपरहिरो पाण्यातून ताकद घेतो आणि आपल्या आंघोळीचे पाणी कुठून येते हे त्याला आजवर माहीतच नाही. अभियंत्याला भिंतीतली भेग दिसते, पण वरिष्ठांसमोर त्याचा आवाज जातो. अट एकच : तीन तासांत सगळ्यांनी मिळून पाणीवाटपाचा एक कागद सही करायचा. तो सही होईल किंवा होणारही नाही.

खर्च म्हणाल तर कागद, पेन, कार्डे आणि एक खोली. इंटरनेट लागत नाही. रेंज नसलेल्या गावात ही मोठीच सोय.

सुरक्षेचे नियम कोणते?

- ‘कट’ म्हटले की खेळ तिथेच थांबतो. ‘ब्रेक’ म्हटले की समोरच्याने जोर कमी करायचा. नॉर्वे-स्वीडनकडच्या लार्पमध्ये रुळलेली ही पद्धत आहे. कारण विचारायचे नाही.
- परवानगीशिवाय अंगाला हात लावायचा नाही.
- गावातल्या खऱ्या व्यक्तीला किंवा कोणाच्या जातीला खलपात्र करायचे नाही.
- खेळ ठरलेल्या जागेतच खेळायचा. अधिकाऱ्याचे सोंग घेऊन बाहेरच्या लोकांना फसवणे हा गुन्हा आहे.
- मुले असतील तर पालकांना आधी कल्पना द्यायची.
- शेवटी गोल करून बसायचे आणि पात्र बाजूला ठेवून बोलायचे. पात्राचा राग घरी जाऊ नये, यासाठी ही पायरी टाळायची नाही.

यातून मिळते काय?

डेन्मार्कमध्ये २००६ साली सुरू झालेली ‘ओस्टरस्कोव्ह’ ही निवासी शाळा बहुतेक विषय भूमिकाखेळातून शिकवते. त्यामागचा विचार साधा आहे : वाचलेली बाजू विसरते, मांडलेली बाजू लक्षात राहते.

पाण्याचा खरा प्रश्न अर्थातच खेळाने सुटणार नाही. त्यासाठी योजना, निधी आणि धोरणच लागेल. पण ग्रामसभेत एकदाही न बोललेल्या मुलीने तीन तास ‘मंत्री’ होऊन अधिकाऱ्यांना जाब विचारला असेल, तर पुढच्या खऱ्या सभेत उभे राहताना ते तिचे पहिले भाषण नसेल. आणि तिथे तिला कोणतेही शक्तीचे कार्ड लागणार नाही, कारण ग्रामसभेत बोलण्याचा हक्क १८ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक मतदाराला कायद्यानेच दिला आहे.