कोणत्या पायथ्याला जायचंय, ते आधी ठरवा

ट्रेकच्या आदल्या रात्री व्हॉट्सॲप गटावर एक वाक्य हमखास येतं: “मॅप लावलाय, सरळ पायथ्याशी नेतो.” मी त्यावर विचारतो, “कोणत्या पायथ्याशी?” उत्तर येतं, “कोणत्या म्हणजे? गडाच्या!” गडाला पायथा एकच असतो, तो फोनला ठाऊक असतो आणि फोनवरची निळी रेघ म्हणजे गाडी जाईल असा रस्ता असतो, असे तीन गैरसमज त्या एका वाक्यात बसलेले आहेत. पैकी तिसरा जिवावर बेततो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

जानेवारी 2021. पुण्याहून तिघे जण कळसूबाईच्या ट्रेकसाठी रात्री गाडीने निघाले. अकोले तालुक्यात कोतूळजवळ मुळा नदीवर पूल आहे आणि पिंपळगाव खांड धरणाचा फुगवटा चढला की तो पाण्याखाली जातो. मॅपने तोच रस्ता जवळचा म्हणून दाखवला. अंधारात गाडी थेट पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. हा रस्ता वर्षातले साधारण आठ महिने वापरात असतो आणि उरलेले चार महिने पाण्याखाली, असं पोलिसांनी तेव्हा वर्तमानपत्रांना सांगितलं होतं. कोतूळमधल्या शाळकरी पोरालाही हे माहीत होतं. फोनला नव्हतं.

या घटनेवर “पावसाळ्यात असं होतं” असं म्हणणारे भेटतात, तेव्हा माझा संयम सुटतो. जानेवारीत कसला आलाय पावसाळा? नदीचं पाणी पावसाने चढतं, धरणाचं पाणी पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकाने चढतं. वरच्या धरणातून आवर्तन सुटलं की खालचं धरण ऐन थंडीत भरतं. सह्याद्रीतल्या गडांकडे जाणारे कितीतरी रस्ते कुठल्या ना कुठल्या जलाशयाच्या काठाने जातात: भंडारदरा, पिंपळगाव जोगा, पानशेत, मुळशी, कोयना. धरण बांधताना जुने रस्ते पाण्याखाली गेले, काठाने नवे झाले, काही जुने उन्हाळ्यात उघडे पडतात आणि लोक तेवढ्यापुरते वापरतातही. नकाशावर मात्र जुनी आणि नवी अशा दोन्ही रेघा राहू शकतात. ही फक्त पाण्याखाली जाणाऱ्या पुलांची गोष्ट आहे असंही समजू नका. नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळून तिघे गेले. तिथेही वाट मॅपने दाखवली होती, अशाच बातम्या आल्या.

फोन मुद्दाम फसवत नाही. त्याच्याजवळ रस्त्यांचं जाळं असतं आणि त्यावरून पूर्वी गेलेल्या फोनचा वेग असतो, त्यावरून तो वेळ काढतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मिनिटाला शेकडो फोन जातात, त्यामुळे तिथला अंदाज दृष्ट लागण्यासारखा असतो. कोतूळच्या पुढे रात्री दोन वाजता कोण जातंय? त्यात रेंज नाही. माहिती नसली तरी फोन “माहीत नाही” म्हणत नाही, तो तितक्याच ठामपणे आकडा सांगतो. त्या ठामपणावर लोक भाळतात.

आता पायथ्याकडे वळू. हरिश्चंद्रगड घ्या. गड अकोले तालुक्यात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात. पण त्याच्या वाटा तीन जिल्ह्यांत उतरतात. खिरेश्वर पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात आहे. माळशेज चढून आलं की खुबी फाट्याला आत वळायचं, पिंपळगाव जोग्याच्या पाण्याकडेने गाव गाठायचं आणि तोलार खिंडीतून वर चढायचं. पाचनई गडाच्या उत्तरेला आहे, तिथे राजूरकडून किंवा कोतूळकडून जायचं. ही सगळ्यात सोपी वाट. बेलपाडा ठाण्याच्या मुरबाड तालुक्यात, थेट कोकणकड्याच्या पायाशी. नळीची वाट तिथून चढते, आणि तिथे जायला माळशेज घाट लागायच्या आधीच हमरस्ता सोडावा लागतो. खिरेश्वरहून पाचनईला पायी गेलात तर गड ओलांडून एका दिवसात पोचाल. गाडीने गेलात तर ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ असा डोंगराला मोठा वळसा. आणि बेलपाड्याला जायचं असताना चुकून घाट चढून गेलात, तर ज्या कड्याच्या तळाशी उभं राहायचं होतं त्याच्या माथ्याच्या बाजूला पोचता.

फोनमध्ये “हरिश्चंद्रगड” टाकलं की खूण गडमाथ्यावर, देवळापाशी कुठेतरी पडते. मग फोन त्या खुणेला जवळ पडणारा मोटाररस्ता शोधतो. तुमच्या गटाने तोलार खिंडीतून चढायचं ठरवलंय की सोबत दोर घेतलाय, याचा त्याला पत्ता नसतो. भीमाशंकरची गंमत तर आणखी मोठी. मुंबईकर “भीमाशंकर” टाकतात आणि फोन त्यांना घाट चढवून मंचरच्या बाजूने देवळाच्या वाहनतळावर नेऊन सोडतो. त्याचं काय चुकलं? देवळात जायला तोच रस्ता आहे. ट्रेक मात्र कर्जत तालुक्यातल्या खांडसहून सुरू होतो, कोकणातून. गटातली एक गाडी खांडसला आणि दुसरी देवळाच्या दारात, हा प्रकार अपवादाने घडत नाही.

एकाच नावाची दोन गावं हा त्यातलाच पोटप्रकार. घाटघर जुन्नर तालुक्यात आहे, जीवधनच्या पायथ्याला, नाणेघाटाजवळ. दुसरं घाटघर अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या पलीकडे आहे, जिथे उदंचन जलविद्युत प्रकल्प झाला. फोनला दोन्ही सारखीच. नागेश्वराचं तर विचारू नका. खिरेश्वरला नागेश्वराचं जुनं शिल्पसमृद्ध देऊळ आहे, वासोट्याच्या ट्रेकमध्ये नागेश्वराची गुहा आहे, द्वारकेजवळ नागेश्वर आहे आणि तमिळनाडूत कुंभकोणमजवळच्या तिरुनागेश्वरम्‌ला राहूसाठी प्रसिद्ध असलेलं नागनाथस्वामींचं देऊळ आहे. एवढ्या लांबची चूक कोणी करणार नाही, कबूल. पण वासोटा आणि खिरेश्वर यांच्यात करणारे निघतात.

यावर उपाय अगदी साधा आहे. फोनमध्ये गडाचं नाव टाकायचंच नाही. गाव आणि तालुका टाकायचा, त्या गावात ज्यांच्याकडे जेवणार आहात त्यांना फोन करायचा आणि रस्ता त्यांना विचारायचा. विचारण्याचीही पद्धत आहे. “गाडी जाते का?” हा प्रश्न बिनकामाचा, कारण उत्तर नेहमी “जाते की!” असंच येतं. सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जीप असते, ट्रॅक्टर असतो, गावातल्या पोराची मोटारसायकल असते. खोटं कोणी बोलत नाही, पण तुमची खाली टेकणारी शहरी गाडी त्याने पाहिलेली नसते. त्यापेक्षा विचारा: “एसटी येते का? काल आली होती का?” एसटी रोज ज्या रस्त्याने येते, तिथे तुमची गाडी जाते. पूल बुडाला, दरड आली, रस्ता उखडला, तर सगळ्यात आधी एसटीची फेरी बंद होते आणि ते अख्ख्या गावाला माहीत असतं.

गडाला फेरी मारून गाडीपाशीच परत यायचं अशा ट्रेकबद्दलही एक लाडकी समजूत आहे: “गोल ट्रेक आहे, मग गाडीची काळजी नाही.” खांडसचं उदाहरण बघा. शिडी घाट आणि गणेश घाट अशा दोन वाटा तिथून भीमाशंकरला चढतात, त्यामुळे एकीने चढून दुसरीने उतरणं अगदी सोयीचं. पण कुठल्या दिशेने? शिडी घाटात लोखंडी शिड्या आहेत आणि ओला कातळ. शिडीने चढायचं आणि गणेश घाटाने उतरायचं, हे शहाणपण तिथले गाववाले प्रत्येक गटाला सांगतात आणि प्रत्येक पावसाळ्यात कोणीतरी ते उलटं करतं, कारण गाडी शिडी घाटाच्या तोंडाशी लावलेली असते! म्हणजे कुठून उतरायचं हे ठरवलं गाडीने. बेलपाड्याचंही तसंच: नळीने चढून साधले घाटाने उतरलं की फेरी पुन्हा बेलपाड्यात पुरी होते. नळीत वेळ गेला आणि गडावरच अंधार पडला, तर मुक्काम करून सकाळी उतरावं किंवा सरळ पाचनईला जावं, हे कागदावर सगळ्यांना पटतं. प्रत्यक्षात गाडी बेलपाड्यात असते, तिचे मालक गटात असतात आणि त्यांना सोमवारी ऑफिस असतं. मग टॉर्च लावून साधले घाट उतरायला काढतात.

सह्याद्रीतल्या घाटवाटा मुळात गोल फिरण्यासाठी झाल्याच नाहीत. कोकणातून देशावर माल जायचा, देशावरून कोकणात. नाणेघाटात जकातीचा दगडी रांजण आहे, तो माल आरपार जायचा म्हणून. गाडी घेऊन गेलात की याच वाटांवर उगाच वर्तुळं काढावी लागतात. एसटीने खुबी फाट्याला उतरा, खिरेश्वरहून चढा, पाचनईला उतरा, राजूरमार्गे घरी जा. गाडीची चिंता नाही, आणि दिवसभर चालून थकलेला माणूस रात्री घाटात गाडी चालवणार नाही, हा फायदा वेगळाच. “स्वतःची गाडी असेल तरच ट्रेक होतो” म्हणणाऱ्यांनी आपल्या आधीच्या पिढीला विचारावं. त्यांनी अवघा सह्याद्री मुक्कामी एसटीच्या मागच्या सीटवर बसून पालथा घातला.

उरलेले गैरसमज, थोडक्यात.

“आपली गाडी उंच आहे, पाण्यातून निघते.” एक फूट वाहतं पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकतं आणि दोन फूट पाणी मोठ्या एसयूव्हीदेखील, असं अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा सांगते. हिशेब अवघड नाही. गाडीचा तळ साधारण सहा चौरस मीटर धरला आणि तो एक फूट पाण्यात बुडाला, तर पाणी जवळजवळ 1,800 किलोने गाडी वर उचलतं. मग टायर जमिनीला टेकतात ते नावापुरते.

“उतारावर न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं.” वाचत नाही. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये उतरताना इंजिनचं इंधनच तोडलं जातं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. माळशेजच्या उतारावर येणारा जळका वास कशाचा असतो, ते आता ओळखा.

“धुक्यात चारही इंडिकेटर चालू ठेवावेत.” मग तुम्ही डावीकडे वळताय की उजवीकडे, हे मागच्याला कसं कळणार? लाइट खाली ठेवा, वेग कमी करा, धुक्याचे दिवे असतील तर लावा.

“उतरणारी गाडी जड, तिला आधी जाऊ द्यायचं.” नियम उलटा आहे. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट, असं 2017 च्या वाहनचालन नियमांत आहे आणि त्याआधीच्या नियमांतही होतं. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं किती कठीण, हे ज्याने क्लच जाळलाय त्याला समजावावं लागत नाही.

“रेंज गेली म्हणजे जीपीएस गेलं.” जीपीएसला मोबाइलच्या टॉवरशी देणंघेणं नाही, फोन सरळ उपग्रहांचे संकेत घेतो. रेंज लागते ती नकाशा उतरवून घ्यायला, आणि ते काम घरी वायफायवर होतं.

“रात्रभर गाडी चालवली की एक दिवस वाचतो.” पहाटे चारला पोचलेला चालक सहाला चढायला लागतो आणि संध्याकाळी तोच परत गाडी चालवतो. बाकीचे मागे झोपलेले असतात. यात काय वाचलं?

“गावात मोकळी जागा दिसली की गाडी लावायची.” ती मोकळी जागा बहुतेक वेळा कोणाचं तरी खळं असतं, किंवा कापणी झालेलं शेत. विचारून, पैसे देऊन लावा. आणि गावाच्या टोकाला झाडाखाली जो ऐसपैस गोल दिसतो, तिथे तर मुळीच लावू नका. तिथे एसटी वळते. शनिवारी मुक्कामी आलेली गाडी रविवारी पहाटे निघायची असते, रुग्णाला तालुक्याला न्यायचं असतं, दुधाचे कॅन चढवायचे असतात, आणि वळायच्या जागेत पुण्या-मुंबईच्या सहा गाड्या उभ्या असतात. मालक वर गडावर, फोनला रेंज नाही. मग चालक-वाहक आणि गावातली चार पोरं मिळून ती एसटी मागे घेत, हात दाखवत, पाऊण किलोमीटर उलटी काढतात.