वंशाची दुसरी बाजू

हार्नेस रेसिंगमध्ये घोड्याच्या पाठीवर जॉकी नसतो. मागे सल्की नावाची दोन चाकांची हलकी गाडी, तीत ड्रायव्हर, आणि घोड्यावर एकच सक्त बंधन: चौखूर उधळायचं नाही. ट्रॉटरने कर्णरेषेतले पाय जोडीने टाकत दुडक्या चालीने धावायचं, पेसरने एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलत. चाल मोडली की ड्रायव्हरला लगाम खेचून घोड्याला पुन्हा चालीवर आणावं लागतं, आणि तेवढ्यात बाकीचे पुढे निघून जातात. अमेरिका आणि कॅनडात या शर्यतींसाठी जोपासलेली जात म्हणजे स्टँडर्डब्रेड. तिच्या हंगामात दोन आणि तीन वर्षांच्या फिलींसाठी, म्हणजे तरुण माद्यांसाठी, राखून ठेवलेल्या शर्यतींची मोठी मालिका असते. न्यू जर्सीतल्या मेडोलँड्सला हॅम्बलटोनियन ओक्स, ओहायोतल्या डेलावेअरला जगेट, कॅनडात फॅन हॅनोव्हर. राखीव म्हटलं की ती दुबळ्यांची सोय, असं आपण सहज धरून चालतो. या जातीचा इतिहास पाहिला तर तो समज टिकत नाही. माझ्या मते या शर्यतींवर अख्ख्या वंशाची भिस्त आहे, आणि त्यांच्या बक्षिसांत ही गोष्ट अजून पुरती उतरलेली नाही.

आधी वेगाचंच पाहू. १८४५ साली न्यूयॉर्कजवळच्या होबोकेनला एक मैल अडीच मिनिटांच्या आत दुडक्या चालीने कापणारी पहिली धावपटू होती लेडी सफोक. १८५९ साली मिशिगनमधल्या कॅलमाझूला २ मिनिटे २० सेकंदांचा उंबरठा ओलांडला फ्लोरा टेंपलने. १८७४ साली गोल्डस्मिथ मेडने २ मिनिटे १४ सेकंद गाठले, १८८५ साली मॉड एस.ने ते २ मिनिटे पावणेनऊ सेकंदांवर आणले. नॅन्सी हँक्सने १८९२ साली २ मिनिटे ४ सेकंद नोंदवले. त्या वर्षी सल्कीला सायकलसारखी हवा भरलेली चाकं आली होती, त्यामुळे थोडं श्रेय चाकांनाही द्यायला हवं. आणि १९०३ साली दुडक्या चालीने दोन मिनिटांचा मैल पहिल्यांदा धावली लू डिलन. या सगळ्या घोड्या. मधल्या काळात नरांनीही विक्रम केले, पण महत्त्वाच्या टप्प्यांवर नावं माद्यांचीच सापडतात.

मग वेगळ्या शर्यती कशासाठी? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला आजचाही आधार आहे. १९२६ पासून चालत आलेली हॅम्बलटोनियन ही तीन वर्षांच्या ट्रॉटरांची सर्वांत मानाची शर्यत फिलींनाही खुली आहे. १९९६ साली काँटिनेंटलव्हिक्टरीने, २०१८ साली अटलांटाने आणि २०२० साली रमोना हिलने ती जिंकली. पण पहिल्या दोघींमध्ये बावीस वर्षांचं अंतर आहे. पेसरांच्या लिटल ब्राउन जग या शर्यतीत तर आजवर जिंकलेली फिली एकच, १९८१ सालची फॅन हॅनोव्हर. असामान्य फिली नरांना हरवते, चांगली फिली मात्र बहुतेकदा मागे राहते. खुली शर्यत फक्त असामान्यांना निवडते. वंश चालवायला चांगल्या घोड्याही शेकड्यांनी लागतात, आणि त्यांची पारख व्हायला त्यांच्यासाठी शर्यत हवी.

इथे पैदाशीचा हिशेब समजून घ्यायला हवा. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर धावणाऱ्या थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतनाला मनाई आहे. स्टँडर्डब्रेडमध्ये ते सर्रास चालतं, त्यामुळे नावाजलेल्या स्टॅलियनकडून, म्हणजे पैदाशीच्या नराकडून, एका हंगामात शंभरावर घोड्या गाभण राहू शकतात. घोडीचा गर्भकाळ मात्र अकरा महिन्यांचा, आणि साधारण वर्षाला एक शिंगरू. जातीच्या मुळाशीच ही विषमता आहे. १८४९ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मलेल्या हॅम्बलटोनियन या घोड्याला विल्यम रिसडाइकने त्याच्या आईसकट १२५ डॉलरना विकत घेतलं. पुढे त्याच्या नावावर १,३३१ शिंगरं नोंदली गेली आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक स्टँडर्डब्रेडची नरवंशावळ त्याच्यापाशी पोचते. त्याच्या आईला मात्र स्वतःचं नावही नाही. आधीच्या एका मालकाच्या नावाने ती ‘चार्ल्स केंटची घोडी’ एवढीच वंशावळीत उरली आहे.

जन्मणाऱ्या शिंगरांत निम्म्या फिली. वर्षभराचं शिंगरू लिलावात उभं राहतं तेव्हा घेणारा पुढच्या दोन वर्षांच्या शिकवणीचा, खुराकाचा, नालबंदीचा खर्च मनात धरूनच बोली लावतो. फिलीला जिंकायला शर्यतच नसेल तर तो हात वर करणार नाही, आणि पैदासकार निम्मं पीक तोट्यात विकून फार दिवस टिकणार नाही. १९६१ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या आणि नंतर इतर राज्यांतही पसरलेल्या सायर स्टेक्सनी हे ओळखलं. स्थानिक स्टॅलियनच्या अपत्यांसाठी असलेल्या या शर्यतींचे आठ विभाग असतात: दोन वयं, दोन लिंगं, दोन चाली. म्हणजे निम्मे विभाग आपोआप फिलींचे.

याचा परिणाम लिलावाच्या कॅटलॉगमध्ये उघड दिसतो. शिंगराच्या पानावर वडिलांची माहिती वर थोडक्यात उरकलेली असते. बाकीचं पान आईचं, आजीचं, पणजीचं. प्रत्येकीच्या नावापुढे चाल, कितव्या वर्षी किती वेळेत मैल, एकूण कमाई, आणि खाली तिच्या अपत्यांच्या ओळी. मोठी शर्यत जिंकलेल्यांची नावं ठळक अक्षरांत. घोडी कधी धावलीच नसेल तर त्या जागी काहीच नाही, आणि अनुभवी गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच मोकळी जागा पाहतं.

या नोंदी कोरड्या आकडेमोडीच्या नाहीत, हे नॅन्स कॅचच्या घराण्यावरून पटावं. १९८८ साली ती हॅम्बलटोनियन ओक्स जिंकली. १९९६ साली तीच शर्यत तिची मुलगी मोनी मेकर जिंकली. त्याच हंगामात, त्याच वयाची काँटिनेंटलव्हिक्टरी नरांना हरवत होती, तरीही मोनी मेकरला स्वतःला सिद्ध करायला वाट मिळाली. १९९९ साली तिने पॅरिसच्या व्हँसेनला प्री दामेरिक जिंकली आणि तिची एकूण कमाई पन्नास लाख डॉलरच्या पुढे गेली. फ्रान्समध्ये रोकेपीनने १९६६ ते १९६८ सलग तीन वेळा हीच शर्यत मारली होती. स्टार्स प्राइड या अमेरिकी स्टॅलियनपासून तिला झालेला फ्लोरेस्तान पुढे फ्रेंच ट्रॉटरांच्या पैदाशीचा आधारस्तंभ झाला.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: दोन वर्षांच्या, हाडं अजून भरत असलेल्या जनावराला एवढ्या वेगाला का लावायचं? शर्यतीची पात्रता टिकवायला मालक ठरलेल्या तारखांना हप्ते भरत असतो. भरलेला हप्ता बुडू नये म्हणून दुखणारा पाय दुर्लक्षिला जाण्याचा धोका खरा आहे. स्वीडनमध्ये ट्रॉटरांची क्रितेरियम ही मोठी शर्यत तिसऱ्या वर्षी आणि डर्बी चौथ्या वर्षी असते. तिथे माद्यांच्या शर्यती संपवलेल्या नाहीत. तिसऱ्या वर्षासाठी ओक्स आहे, आणि गोथेनबर्गला राणी सिल्व्हियाच्या नावाची शर्यत चार वर्षांच्या माद्यांची. म्हणून पैसा दुसऱ्या वर्षावरून तिसऱ्या-चौथ्या वर्षांकडे सरकवावा, हे मला मान्य आहे. शर्यतीच नकोत, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

बक्षिसाचा प्रश्न उरतो. अलीकडच्या वर्षांत हॅम्बलटोनियन सुमारे दहा लाख डॉलरची आणि ओक्स त्याच्या निम्म्याच्या आसपास राहिली आहे. बाजाराचा युक्तिवाद असा की जास्त पैज नरांवर, म्हणून जास्त बक्षीसही नरांना. पण जिंकणाऱ्या नराला ते बक्षीस म्हणजे केवळ इसार असतो. खरी कमाई पुढे स्टडच्या फीमधून वर्षानुवर्षं येत राहते. फिलीच्या मालकाला शर्यतीनंतर वर्षाला एका शिंगराची आशा, आणि तेही जगलं-वाढलं तर. तिने मैदानावर मिळवलेला पैसाच तिची बहुतेक रोख कमाई. अशा स्थितीत ओक्सचं बक्षीस हॅम्बलटोनियनच्या बरोबरीचं असावं, ही मागणी पैदासकारांनी स्वतःच लावून धरायला हवी, कारण पुढचं शिंगरू त्यांनाच विकायचं आहे.